फळ न पाहिलेले श्रम

बापाच्या श्रमांचे मोल त्याने पाहिलेल्या फळावरून ठरवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ ह्यांचे उदाहरण घ्या. परळच्या चाळीतील एका खोलीत ते कुटुंबासह राहत. पुत्रास पुस्तक हवे झाले म्हणजे लेकीचा दागिना गहाण ठेवीत, पेन्शन आल्यावर सोडवीत. त्यास रात्री २ वाजता अभ्यासास उठविण्याकरिता स्वतः जागत बसत. १९०७ साली पुत्र मॅट्रिक झाला. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. त्याच वर्षी भीमराव विद्येकरिता अमेरिकेस गेले. पुढील काहीच बापाने पाहिले नाही. तरी ते श्रम अपुरे होते, असे कोण म्हणेल? पेरणाऱ्याचे कर्तव्य पेरणीतच पुरे होते. वाचकहो, आपल्या घरच्या अशा जागरणांची आठवण मुलांस सांगत जा.