वेष्टनाची सत्यनिष्ठा

चित्रपट विकत घेऊन कपाटात जपून ठेवणाऱ्या संग्राहकांमध्ये एक वाद दीर्घकाळ चालू आहे. जुन्या चित्रपटाची नवी डिस्क प्रकाशित करताना तिच्या डबीवर प्रथम प्रदर्शनाच्या वेळचे पोस्टर छापावे, की आजच्या चित्रकाराकडून नवे मुखचित्र करून घ्यावे, हा तो वाद. पोस्टरचा आग्रह धरणाऱ्यांच्या मते नवे चित्र म्हणजे चित्रपटावर मागाहून चढवलेला परका पोशाख. त्यात चित्रकाराची शैली दिसते, चित्रपट दिसत नाही. उलट पक्षाला पोस्टर अतिपरिचयाने निर्जीव झालेले वाटते. नटनट्यांचे चेहरे संगणकावर एकमेकांशेजारी चिकटवून केलेल्या मुखचित्रांचा मात्र दोन्ही पक्ष सारखाच तिरस्कार करतात. तिसरा एक वर्ग आहे. त्याला चित्रापेक्षा फळीवरची रांग महत्त्वाची वाटते. २०१९ साली क्रायटेरियन कलेक्शनने आपल्या मालिकेतील हजाराव्या क्रमांकाखाली गॉडझिलाचे १५ चित्रपट मोठ्या आकाराच्या, चित्रमय पुस्तकासारख्या संचात प्रकाशित केले, तेव्हा चित्रांचे कौतुक आणि संच फळीवर मावत नसल्याची कुरकुर ही दोन्ही एकाच वेळी ऐकू आली.

हौशी मंडळींचा खेळ म्हणून हे सारे सोडून देता आले असते. परंतु या वादातील शब्दकळा विचारात पाडणारी आहे. ‘हे चित्र कुरूप आहे’ एवढे म्हणून संग्राहक थांबत नाहीत. ‘हे चित्र खोटे आहे’, ‘ही चित्रपटाशी बेइमानी आहे’ असे ते म्हणतात. कुरूपता हा सौंदर्यशास्त्राचा विषय झाला. खोटेपणा आणि बेइमानी हे शब्द नीतिशास्त्राच्या प्रांतातले आहेत. पुठ्ठ्याच्या डबीबद्दल ते वापरण्याचा अधिकार कोणाला असू शकतो काय?

पहिले उत्तर नकारार्थी येईल, आणि त्यामागे कांटसारख्या तत्त्वज्ञाचा आधार असेल. ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’च्या (१७९०) चौदाव्या परिच्छेदात कांटने ‘पारेर्गा’ची चर्चा केली आहे. कलावस्तूचा अंतर्गत घटक नसलेली, बाहेरून जोडलेली उपांगे म्हणजे पारेर्गा. चित्राची चौकट, पुतळ्यावरील वस्त्र, प्रासादाभोवतालची स्तंभावली ही त्याने दिलेली उदाहरणे. अशा उपांगाने आपल्या रूपाने आनंदात भर घालावी हे त्याला मान्य आहे. पण सोनेरी चौकटीसारखे ते केवळ भुरळ घालण्यासाठी येते तेव्हा तो नुसता साज ठरतो आणि खऱ्या सौंदर्याची हानी करतो. या चौकटीतून पुढे देरिदाने आत आणि बाहेर यांतील सीमारेषाच अस्थिर केली (‘चित्रकलेतील सत्य’, १९७८), ते प्रसिद्धच आहे. परंतु आपल्या प्रश्नासाठी देरिदापर्यंत जाण्याची गरज नाही. कांटची उदाहरणे पुन्हा एकदा नजरेखालून घातली तरी पुरे. चौकट भडक असू शकेल, स्तंभावली बेढब असू शकेल. चौकट खोटे मात्र बोलू शकत नाही, कारण ती काही बोलतच नाही. कॅसेटचे वेष्टन बोलते. ‘आत हे आहे’ असे ते सांगते. जेथे विधान आहे तेथेच असत्याची शक्यता आहे. आणि ज्याच्या ठायी असत्याची शक्यता आहे, त्याला निव्वळ अलंकरण म्हणून मोकळे सोडता येत नाही.

जेरार जेनेतने ‘स्यई’ (१९८७) या ग्रंथात शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ इत्यादींना मिळून ‘पॅराटेक्स्ट’ ही संज्ञा दिली. तिला आपण परिसंहिता म्हणू. परिसंहितेचे कोणी ना कोणी उत्तरदायित्व स्वीकारलेले असते, लेखकाने किंवा त्याच्या सहकाऱ्यांनी, हे जेनेतच्या विवेचनातील एक महत्त्वाचे गृहीतक आहे. पुस्तकाच्या बाबतीत ते बव्हंशी टिकते. कॅसेटच्या बाबतीत ते टिकत नाही. दिग्दर्शकाने चित्रपट केला, वितरकाने परदेशातील हक्क घेतले, तेथल्या कुठल्याशा चित्रकाराने डबी रंगवली. दिग्दर्शकाला ती पाहायला मिळाली असेलच असे नाही. विधान आहे, पण विधानकर्ता नाही. या परिस्थितीत काय घडू शकते ते ब्रिटनने १९८० नंतरच्या काही वर्षांत पाहिले.

घरगुती व्हिडिओ तेव्हा नवा होता. मोठ्या चित्रपटसंस्था आपले चित्रपट कॅसेटवर आणायला कचरत होत्या, आणि कॅसेटला प्रमाणपत्राची सक्ती नव्हती. दुकानांतील फळ्या भरल्या त्या छोट्या वितरकांनी, स्वस्तात मिळालेल्या भयपटांनी. ग्राहकाला दिग्दर्शक ठाऊक नाही, नट ठाऊक नाहीत. निर्णय डबीकडे पाहूनच करायचा. साहजिकच डब्या अधिकाधिक मोठ्याने ओरडू लागल्या. ॲबल फेराराच्या ‘द ड्रिलर किलर’ (१९७९) या चित्रपटाच्या कॅसेटवर एका माणसाच्या कपाळात घुसणारे, रक्त उसळवणारे गिरमिट होते. हेच चित्र १९८२ मध्ये व्हिडिओविषयक मासिकांत जाहिरात म्हणून आले, तक्रारी झाल्या, आणि ‘व्हिडिओ नॅस्टी’ या नावाने ओळखले जाणारे काहूर उठले. सरकारी अभियोक्त्यांच्या यादीत वेळोवेळी मिळून ७२ चित्रपट आले; त्यांपैकी ३९ चित्रपटांवरील खटले यशस्वी झाले. १९८३ मध्ये संसद सदस्यांना निवडक हिंसक तुकड्यांची एक फीत दाखवण्यात आली, आणि १९८४ च्या व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज कायद्याने प्रत्येक कॅसेटला प्रमाणपत्र व तसा शिक्का बंधनकारक केला.

आता हे वेष्टन खोटे होते काय? सरळ उत्तर देणे अवघड आहे. गिरमिटाचे ते दृश्य चित्रपटात आहे. चित्रकाराने काही कल्पिलेले नाही. चित्रपटातील क्षण उचलून बाहेर लावला, एवढेच. पण चित्रपट पाहिला तर तो बव्हंशी न्यूयॉर्कमधील एका कर्जबाजारी चित्रकाराबद्दल आहे. त्याचे गव्याचे चित्र पुरे होत नाही, त्याच इमारतीत सराव करणाऱ्या वाद्यवृंदाचा गोंगाट त्याला झोपू देत नाही, रस्त्यावरच्या बेघर माणसांत त्याला स्वतःचे भवितव्य दिसते, आणि तो त्यांनाच मारत सुटतो. चित्रपट थोर आहे असे माझे म्हणणे नाही; पुष्कळ ठिकाणी तो ओबडधोबड आहे. परंतु त्याच्या क्रौर्याला एक कारण आहे, एक शहर आहे. वेष्टनाने क्रौर्य ठेवले आणि शहर काढून टाकले. अंश खरा, पूर्णाबद्दलचे विधान खोटे, असे हे असत्य आहे. वर संसद सदस्यांना दाखवलेली फीत त्याच जातीची. विक्रेता आणि त्याचा प्रतिपक्ष या दोघांनीही एकच तर्क वापरला, हे येथे विसरता कामा नये. आपण समीक्षकांनीही फार ताठ मानेने याकडे पाहू नये. सबंध कादंबरीतून आपल्या सिद्धांताला सोयीचे अवतरण तेवढे उचलून लेखाच्या माथ्यावर लावणे हे वेगळे काय असते?

ज्यांच्यावर केवळ अक्षरे आहेत अशी साधी मुखपृष्ठे मला या दृष्टीने अधिक सभ्य वाटतात. ती कमी बोलतात, म्हणून त्यांना खोटे बोलायलाही कमी वाव असतो.

कायद्यापूर्वीच्या त्या ब्रिटिश कॅसेटी आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात, आणि घेतात ते प्रामुख्याने वेष्टनांसाठी. ‘मूळ चित्र हवे’ असे ते म्हणतात तेव्हा या मूळपणाचा अर्थ तपासायला हवा. हे चित्र मूळ आहे ते चित्रपटाच्या संदर्भात नव्हे, तर चित्रपट कसा विकला गेला, कसा पाहिला गेला, कशामुळे बंदीच्या यादीत गेला, या इतिहासाच्या संदर्भात. मूळ वेष्टन कलाकृतीशी प्रतारणा करूनही इतिहासाचा प्रामाणिक साक्षीदार असू शकते. दोन निष्ठा भिन्न आहेत आणि संग्राहकांचा वाद चिघळतो तो त्यांचा एकच शब्दाने उच्चार केल्यामुळे. जुने पोस्टर मागणारा बहुधा स्वतःच्या प्रथमदर्शनाशी निष्ठा राखत असतो. ती भावना क्षुद्र नाही, पण ती चित्रपटाबद्दलची निष्ठा आहे असे त्याने म्हणू नये.

ॲरो व्हिडिओ या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने या वादावर एक व्यावहारिक तोडगा रूढ केला: कागदाच्या एका बाजूला नवे चित्र, दुसऱ्या बाजूला जुने पोस्टर, ज्याला जे हवे ते त्याने बाहेर काढावे. संग्राहक खूष झाले. तत्त्वतः मात्र यात एक मोठे स्थित्यंतर आहे. वेष्टन पालटता येऊ लागले की त्याचे विधान करणारा प्रकाशक उरत नाही; डबीचा मालकच विधानकर्ता होतो, आणि विधान स्वतःपुरतेच करतो. कित्येक ब्रिटिश प्रकाशनांत उलट्या बाजूवर प्रमाणपत्राचा शिक्का छापलेला नसतो. वेष्टनांनी उठवलेल्या काहुरातून जन्मलेला कायद्याचा शिक्का संग्राहक घरी आल्यावर वेष्टन पालटून आत दडपतो. या कृतीत थोडी गंमत आहे, पण थोडी जबाबदारीही आहे: ज्याला डबीवर खरे काय म्हटले जावे याची फिकीर आहे असा माणूस प्रथमच निर्णयाच्या जागी आलेला आहे.

विधानकर्ता हरवत नाही अशीही उदाहरणे आहेत. सत्यजित राय चित्रपटांकडे वळले ते जाहिरातसंस्थेतून आणि सिग्नेट प्रेसच्या मुखपृष्ठांमधून. बिभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी काढली, आणि त्यांतील काही पुढे त्यांच्या चित्रपटाची दृश्ये झाली. येथे उपांग आधी जन्मले आणि मुख्य वस्तू नंतर. कांटचा क्रमच उलटला. आपल्या चित्रपटांची पोस्टरेही राय स्वतः करीत. १९९३ मध्ये लंडनमधील आगीत होरपळलेल्या मूळ निगेटिव्हांपासून अपुत्रयीचे पुनरुज्जीवन करून क्रायटेरियनने २०१५ मध्ये ती डिस्कवर आणली. अशा चित्रपटांच्या बाबतीत जुन्या पोस्टरचा आग्रह हा स्मरणरंजनापलीकडे जातो. तेथे कलावंताची सही आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनीही आपल्या चित्रपटांची पोस्टरे रंगवली; त्यांचे बहुतेक मूकपट आज नाहीत. तसा संबंध जेथे आहे तेथे आग्रह योग्य, जेथे नाही तेथे तो सवयीचा भाग, असे मी म्हणेन.

मात्र याच संग्राहकवृत्तीचे एक टोक असे आहे की तेथे हा सारा विचार निरर्थक होतो. जून २०२२ मध्ये अमेरिकेत ‘बॅक टु द फ्यूचर’ची १९८६ सालची एक कॅसेट लिलावात ७५,००० डॉलरना विकली गेली. ती त्या चित्रपटातील एका नटाच्या संग्रहातील होती, आणि तिचे मोल कारखान्यातून आलेले प्लास्टिकचे आवरण अभंग असण्यात होते. अशा वस्तूंची डबी, कडा, आवरण यांना तज्ज्ञ गुण देतात. आतली फीत मात्र कोणी पाहायची नाही, कारण पाहण्यासाठी आवरण फाडावे लागेल. चुंबकीय फीत वर्षानुवर्षे क्षीण होत जाते. ती आज कितपत शाबूत आहे हे मालकालाही सांगता येणार नाही, आणि त्याला ते विचारायचेही नाही. ‘आत हे आहे’ हे वेष्टनाचे विधान तेथे अजून छापलेले आहे. पण ज्याची शहानिशा कधीच होऊ द्यायची नाही ते विधान राहत नाही. कांटची सोनेरी चौकट तेथे परत आलेली असते, फक्त तिच्या मध्यभागी चित्र आहे की नाही हे पाहायला मनाई असते.