उसन्या शब्दांचा प्रश्न

परीक्षेसाठीं भाषा शिकावी कीं भाषा आली म्हणून परीक्षा द्यावी, हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाहीं. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें, तेव्हांपासून इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडखळलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या आपण पाहिल्या. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मांडीवर घेऊन बसणारा कालचा विद्यार्थी आणि परदेशीं जाण्याकरितां 'आयेल्ट्स'ची तयारी करणारी आजची मुलगी यांच्या मनांतील भीति एकाच जातीची आहे.

'टोफेल' ही परीक्षा १९६४ सालीं आणि 'आयेल्ट्स' १९८९ सालीं सुरू झाली. 'आयेल्ट्स'मध्यें ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें असे चार भाग असून गुणांचें माप नवापर्यंत जातें. लेखनाच्या भागांत एक निबंध सुमारें चाळीस मिनिटांत, निदान अडीचशें शब्दांचा, लिहावा लागतो. परीक्षक तो चार सारख्या वजनाच्या कसोट्यांवर पारखतात: विषयास दिलेलें उत्तर, मांडणीची संगति, शब्दसंपत्ति, आणि व्याकरणाची विविधता व शुद्धता. म्हणजे शब्द व व्याकरण मिळून निम्मा पल्ला होतो. मग भारदस्त शब्दांच्या याद्या आणि कोणत्याहि विषयास बसतील असे निबंधांचे सांगाडे बाजारांत खपावे, यांत नवल तें काय? प्रश्न इतकाच आहे कीं, असा सांगाडा पाठ करून तो आपला विचार म्हणून लिहिणें ही वंचना आहे कीं नाहीं?

यावर कोणी म्हणेल, 'परीक्षा म्हणजे कुलूप. किल्ली कोणी घडविली हें कुलूप विचारीत नाहीं. जिच्या पगारावर घरचीं पांच माणसें जगणार आहेत, त्या परिचारिकेस नीतीचे पाठ देणें पोट भरलेल्या माणसास फार सोपें आहे.' हा आक्षेप खोटा नाहीं. शिवाय पाठांतर हा स्वतः दोष आहे असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनीं ज्या देशांत वेद राखले गेले, आणि जेथें पावकीनिमकी पाठ केल्यावांचून हिशेब येत नसे, तेथें पाठांतरास नांवें कोणत्या तोंडानें ठेवावीं? परंतु पाठ केलेला पाढा उद्यां बाजारांत नव्या हिशेबाला उपयोगीं पडतो. पाठ केलेला निबंध परीक्षागृहाच्या दाराबाहेर पडतांच निरुपयोगी होतो. पहिलें पाठांतर मालकीचें होतें, दुसरें उसनेंच राहतें. नीतीचा भेद येथें आहे.

शब्द मालकीचा झाला हें ओळखावें कसें? आपलीच भाषा पाहा. झोप 'गाढ' असते, झाडी 'गर्द' असते, युद्ध 'घनघोर' होतें. तिन्ही विशेषणांत दाटपणाचा भाव आहे. तरी 'गर्द झोप' म्हणणाऱ्यास आपण हंसूं. शब्दास अर्थ असतो तसे सोबतीहि असतात, आणि कोशांतील यादी अर्थ देते, सोबती देत नाहीं. 'पुष्कळ' या अर्थीं 'प्लेथोरा' हा शब्द विद्यार्थी जेथें तेथें पेरतात. मूळचा हा वैद्यकांतला शब्द. शरीरांत रक्ताचा अतिरेक झाला असें तो सांगे. त्यांतील अतिरेकाची छटा अजून गेलेली नाहीं. शिक्षणाचे फायदे सांगतांना तो वापरणारा मनुष्य नकळत म्हणतो कीं फायदे नको तितके झाले! जें आपणांस म्हणावयाचें नाहीं तें आपल्या तोंडून वदविणारा शब्द कितीहि सुंदर असला तरी तो आपला नव्हे.

व्याकरणाचेंहि तसेंच. 'मला पुस्तक हवें' म्हणतांना तें पुस्तक ऐकणाऱ्यास माहीत आहे कीं नाहीं, हें सांगण्याची सक्ति मराठी करीत नाहीं. इंग्रजी 'ए' आणि 'द' यांच्या द्वारें ती करते. उलट, 'आपण जाऊं' आणि 'आम्ही जाऊं' यांत समोरच्यास बरोबर घ्यावयाचें कीं वगळावयाचें, हें मराठी वक्त्यास आधीं ठरवावें लागतें. इंग्रजी 'वुई' तें गुलदस्तांत ठेवूं देतें. प्रत्येक भाषा ऐकणाऱ्याविषयीं कोणती ना कोणती आस्था बाळगण्यास आपणांस भाग पाडते. परभाषेचें व्याकरण शिकणें म्हणजे परक्या माणसाची अशी एक नवी आस्था अंगीं बाणविणें होय.

आतां त्या परिचारिकेकडे वळूं. परमुलुखांत रात्रपाळीस ती रुग्णाविषयीं टिपण लिहिते. 'हा औषध घेत होता' आणि 'हा औषध घेत आला आहे' या दोन वाक्यांत क्रियापदाच्या रूपाचाच भेद आहे. परंतु पहिल्यानें औषध थांबलेलें वाटेल, दुसऱ्यानें चालू असलेलें, आणि त्यावरून पुढची मात्रा ठरेल. त्या वेळीं पाठ केलेला सांगाडा तिच्या कामीं येणार नाहीं. उसन्या निबंधानें परीक्षक फसला तर हानि थोडी आहे. खरी फसवणूक होते ती त्या अंथरुणावरील अनोळखी माणसाची, ज्यानें तिच्या प्रमाणपत्रावर न पाहतां विश्वास टाकला आहे.

म्हणून परीक्षेची तयारी करूं नये असें नव्हे. ती अशी करावी कीं परीक्षा संपल्यावर कांहीं उरेल. रोज पन्नास शब्द घोकण्यापेक्षां पांच शब्द त्यांच्या सोबत्यांसह वाचनांतून उचलावे आणि आपल्याच दिवसाविषयींच्या वाक्यांत ते वापरून पाहावे. आपल्या चुकांची एक वही ठेवावी. दुसऱ्याच्या निर्दोष निबंधापेक्षां ती अधिक शिकविते. आणि जो विचार आपणांस मराठींत सरळ सांगतां येत नाहीं, तो इंग्रजींत सजवून सांगण्याचा मोह टाळावा.

परीक्षा घेणाऱ्यांवरहि जबाबदारी आहे. ज्या मापानें माणसाचें पोट मोजलें जातें, त्या मापास सजावट आणि समज यांतील भेद कळला पाहिजे. पण माप सदोष आहे म्हणून आपण आपलें वजन खोटें करावें, असें त्यांतून निष्पन्न होत नाहीं. परक्या भाषेंत मनुष्य गरीब असतो, त्यांत लाज नाहीं. त्या गरिबींत त्यानें जे चार शब्द स्वतः मिळविले असतील, तेवढ्यांवर मात्र दुसऱ्यास निर्धास्त विसंबतां आलें पाहिजे.