वळून पाहणे

पाहणे ही आपण करावयाची क्रिया आहे, की आपल्या बाबतीत केवळ घडणारी गोष्ट? डोळे उघडे असले म्हणजे जग आपोआप आत येते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी मानली, तर जे दिसलेच नाही त्याचा दोष पाहणाऱ्याकडे जात नाही. माझ्या या समजुतीला धक्का बसला तो याच बंगळूर शहरात, एका यंत्राच्या निमित्ताने.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातील २६ किलो वजनाच्या ‘प्रज्ञान’ गाडीचे संचालन इस्रोच्या येथील केंद्रातून होत असे. गाडीने टिपलेली चित्रे येथे येत. त्यांवरून भूमीचा उंचसखलपणा ताडून मगच पुढची वाट ठरे. २७ तारखेला तिच्यापुढे अवघ्या ३ मीटरांवर ४ मीटर व्यासाचा खड्डा आला, तेव्हा तिला माघारी फिरवून नव्या वाटेने धाडण्यात आले. पुढे चार दिवसांनी सुरक्षित मार्गाच्या शोधात ती स्वतःभोवती वळत असल्याचे दृश्य ‘विक्रम’च्या कॅमेऱ्याने टिपले, ते साऱ्या देशाने कौतुकाने पाहिले.

मला त्यात एक जुना विचार दिसला. तळ्यातील पाणी पाटाने शेतात जाऊन वाफ्याचा आकार घेते, तसे अंतःकरण डोळ्यांवाटे बाहेर जाऊन वस्तूचा आकार घेते, असे सतराव्या शतकात धर्मराज अध्वरीन्द्रांनी ‘वेदान्तपरिभाषे’त मांडले आहे. यंत्राला जे जाणून घ्यायचे असेल त्याप्रमाणे त्याने आपला कॅमेरा हलवावा, या विचाराला रुझेना बायची यांनी १९८८ साली शास्त्रीय रूप दिले. दोहोंची भूमी अगदी निराळी. पण पाहणाऱ्याला जावे लागते, एवढे दोघांनाही मान्य दिसते.

मग न पाहणे हेही कृत्यच ठरते. प्रज्ञानला कोणी दोष देणार नाही; ‘वळ’ म्हटले की ती वळते. आम्हां कचेरीतील माणसांना मात्र तसे सांगणारे सहसा कोणी नसते, आणि समोर आलेला कागद तेवढा पाहिला, हे उत्तर नियमाला धरून असते.

एका कुटुंब-निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात दोन कागदांवरील जन्मतारखा जुळत नव्हत्या. ‘खुलासा मागवावा’ असा शेरा मी तीनदा लिहिला. तिन्ही शेरे निर्दोष होते. मूळ सेवापुस्तक शेजारच्या खोलीतील कपाटात होते, आणि तारीख पहिल्याच पानावर होती. तेथवर उठून जाण्यास मला सात महिने लागले. त्या बाईंनी तक्रार केली नाही. मीही हे कोणाला सांगितले नव्हते.