बारा तासांची खोली

बाल्टिमोरच्या पोलीस कचेरीतली एक खोली. दोन तपास अधिकारी, आणि घोडागाडीवर फळे विकणारा एक वृद्ध. 'होमिसाइड' या अमेरिकन मालिकेचा १९९३ सालचा 'थ्री मेन अँड अडीना' हा भाग जवळजवळ एवढ्यावरच उभा आहे. लहान मुलीचा खून झालेला. कबुलीसाठी बारा तासांची मुदत. लेखक टॉम फोंटाना यांना त्याबद्दल एमी मिळाले, ते योग्यच.

म्हातारा अखेर मोडतो. मुलीवर आपले मन जडले होते, हे शरमेचे सत्य तो ओकतो. खुनाची कबुली मात्र देत नाही. आणि मग त्याला खुनी मानणारा बेलिस साशंक होतो, तर साशंक असलेल्या पेम्बल्टनची खात्री पटते! पुरावा तसूभरही वाढलेला नसतो.

प्रेक्षक म्हणून आम्हांलाही ती कबुली हवी असते. मुलीच्या आईचे दुःख आम्ही कसे नाकारावे? पण १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढची कबुली अग्राह्य ठरवली, ती अशाच बंद खोल्यांच्या धास्तीने. आपल्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्काने मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ग्राह्य केली. तो म्हातारा निर्दोष असेल, तर बारा तासांत त्याच्याकडून जे काढून घेतले ते त्याला परत कोण देणार?