पापण्या जुळलेलं बाळ (गीता, अध्याय ५, श्लोक १५)



आजचा श्लोक पाचव्या अध्यायातला पंधरावा. भगवंत सांगतात, तो सर्वव्यापी परमात्मा कुणाचं पाप घेत नाही, कुणाचं पुण्यही घेत नाही. ज्ञानावर अज्ञानाचं आवरण पडलंय, म्हणून जीव भुलतात. वाचायला सोपा, घरात वापरायला अवघड.

आमच्या पारायणाला येणाऱ्या एका आजींना नात झाली. बाळाच्या एका डोळ्याच्या वरच्या-खालच्या पापण्या बारीक धाग्यांनी जुळलेल्या. आजी मला विचारतात, "सुनेनं ग्रहणात भाजी चिरली, त्याचंच ना हे?" सून आतल्या खोलीत होती, सगळं ऐकत होती.

मंडळी, पोटात असताना आपल्या सगळ्यांच्याच पापण्या जुळतात, साधारण नवव्या आठवड्याच्या सुमारास. सहाव्या महिन्याच्या आसपास त्या सुटतात. (मांजराची पिल्लं तर डोळे मिटूनच जन्माला येतात!) लाखात चार-पाच बाळांचे काही धागे सुटायचे राहून जातात, एवढंच. १८८१ साली फॉन हास्नर यांनी याचं वर्णन केलंय. डॉक्टरी नाव अँकिलोब्लेफॅरॉन. काही घराण्यांत ते पिढीजात येतं, बहुधा तसंही नसतं. ग्रहणाचा संबंध कुठेच नाही.

नेत्रतज्ज्ञ बोथट टोकाच्या कात्रीनं धागे कापतात, रक्त जेमतेम येतं. आतला डोळा बहुतेक वेळा शाबूत असतो. पण उशीर नको. लहानपणी एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. घरी बोटांनी ओढणं, डोळ्यात दूध-तेल सोडणं अजिबात नको. काही बाळांत सोबत टाळू दुभंगलेली असते, हृदयाचा किंवा गुणसूत्रांचा दोष असतो, म्हणून बाळाची पूर्ण तपासणी करून घ्यायची.

कर्मसिद्धांत मी मानतो. पण तो ओल्या बाळंतिणीवर रोखायचा, हे मला कुठल्याच अध्यायात सापडलं नाही. आणि श्लोकातला शब्द बघा. ज्ञान नाहीसं झालं असं भगवंत म्हणत नाहीत, झाकलं गेलंय म्हणतात. पापणीमागे डोळा असतोच, तसं.

आजींना मी श्लोक अर्थासकट वाचून दाखवला, आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात. त्या काही बोलल्या नाहीत, पण ग्रहणाचा विषय पुन्हा निघाला नाही.

उद्या सोळावा श्लोक घेऊ.