देह झिजवणे म्हणजे संयम नव्हे

वजन घटवण्यासाठी फक्त पातळ आहारावर राहणे, हा संयम आहे का? अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, अशी गीतेच्या सहाव्या अध्यायाची शिकवण आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेत केवळ द्रव प्रथिनांवर राहणाऱ्या अनेकांचा हृदयाची लय बिघडून मृत्यू झाला. त्यांचा निर्धार कमी पडला नव्हता, पोषण कमी पडले होते. कोणी म्हणेल, डॉक्टरही असा आहार देतात. खरे आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८५० कॅलरींच्या अशा आहाराने जवळजवळ निम्म्या रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात आला. पण तिथे पूर्ण पोषण, ठरलेली मुदत, वैद्यकीय देखरेख आणि नेहमीच्या जेवणाकडे टप्प्याटप्प्याने परतणे होते. मर्यादा पाळल्याने व्रत मोडत नाही. मर्यादा हाच व्रताचा प्राण आहे.