दृष्टिहीन लेक आणि समतेचा धम्म



आपण देव्हारे काढले, नवस सोडले, गंडेदोरे नदीत टाकले. सकाळ-संध्याकाळ आपल्या घरांतून वंदनेचे स्वर उमटू लागले. परंतु जुन्या धर्माची एक गोष्ट अजून कित्येक घरांच्या माजघरात दडून बसली आहे. घरात मुलगी दृष्टिहीन जन्मली, किंवा गोवरात तिचे डोळे गेले, की आपल्याच तोंडून उद्गार निघतो, "मागच्या जन्मीचं पाप, दुसरं काय!" कोणी म्हणते, आईने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही. एकदा असे म्हटले की पुढचे सारे आपोआप ठरते. मुलगा दृष्टिहीन असेल तर एखादे वेळी त्याला अंधशाळेत नेऊन घालतात. मुलीला मात्र चूल, उंबरठा आणि अंगण एवढेच जग उरते. दिग्रस-दारव्ह्याकडच्या खेड्यांत आईबाप कापूस वेचायला वावरात जातात, तेव्हा ती दिवसभर घर राखत बसते. तिचे नावही हळूहळू मागे पडते आणि 'आंधळी' हेच तिचे नाव होते.

उपासक-उपासिकांनो, विचार करा, हा पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धांत कोणाचा? आपल्या आजा-पणजाला गावकुसाबाहेर ठेवताना हेच तर सांगितले जात होते! मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी अस्पृश्य झालात, आता निमूटपणे भोगा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ही बेडी तोडली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी स्पष्ट बजावले आहे की, माणसाच्या दैन्याचे कारण गतजन्मात शोधणे म्हणजे समाजाला आणि राज्याला जबाबदारीतून मोकळे करणे होय. मग जी बेडी आपल्या पायातून निघाली, ती आपल्याच लेकीच्या पायात कशी घालता?

कोणी म्हणेल, गुरुजी, चक्खुपाल स्थविरांची कथा तर आपल्याच धम्मात आहे. होय, धम्मपदाच्या पहिल्या गाथेवरील अट्ठकथेत ती आहे. अंध चक्खुपालांच्या चंक्रमणात पायाखाली किडे मेले. भिक्खूंनी तक्रार केली. तथागतांनी निर्णय दिला की त्यांना किडे दिसले नाहीत, मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून दोष नाही. कथेचा हा भाग निखळ बुद्धवाणीला साजेसा आहे, कारण चेतना हेच कर्म. पुढे त्याच कथेत त्यांच्या अंधत्वाला गतजन्मीचे पाप जोडले आहे. पण ही अट्ठकथा आहे, शतकांनंतर रचलेली टीका आहे. जे बुद्धीला पटत नाही ते तपासून बाजूला ठेवण्याची मुभा तथागतांनीच दिलेली आहे.

त्यापेक्षा अनुरुद्ध स्थविरांची कथा मुलांना सांगा. चिनी भाषेत जतन झालेल्या एकोत्तर आगमात ती आहे. अनुरुद्धांची दृष्टी गेली होती. ते आपले चीवर स्वतः शिवत होते, पण सुईत दोरा ओवता येईना. कोणी ओवून देईल काय, असे त्यांनी विचारले, तेव्हा स्वतः तथागत पुढे आले आणि त्यांनी दोरा ओवून दिला. यातला धडा नीट ध्यानात घ्या. अनुरुद्धांना कोणी "तुम्हाला जमणार नाही, बसून राहा" म्हटले नाही. शिवणारे हात त्यांचेच होते. अडले होते ते फक्त ओवण्यापाशी. अडले तिथे हात द्यावा, बाकी वाट त्या माणसाची मोकळी ठेवावी. यालाच मैत्री म्हणतात. दया वेगळी, मैत्री वेगळी.

आपल्या लेकींचे कुठे अडते ते पाहा. वाचायला ब्रेल हवी. सहा टिंबांची ही लिपी मराठीतही आहे. चालायला पांढरी काठी हवी. परीक्षेला लेखनिक हवा. साधा मोबाईलही आता अक्षरे वाचून दाखवतो. या गोष्टी मिळाल्या तर काय होते? वझ्झरच्या माला पापळकरचे उदाहरण घ्या. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली ही दृष्टिहीन मुलगी अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी वाढवली. ती अमरावतीत शिकली, पदवीधर झाली आणि 2024 साली लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. तिला जन्मदाते आईबाप नव्हते. आपल्या लेकीला तर आपण आहोत!

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत त्या शिकल्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून रेल्वे लेखा सेवेने त्यांना नाकारले. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 124 वा क्रमांक मिळवला आणि 14 ऑक्टोबर 2019 रोजी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. म्हणजे अडथळा डोळ्यांत नव्हता, दार अडवणाऱ्याच्या मनात होता.

हे दार आता कायद्याने उघडले आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के राखीव जागा आहेत, त्यांतील 1 टक्का अंध व अल्पदृष्टींसाठी. मध्य प्रदेशात दृष्टिहीनांना न्यायाधीश होण्यास बंदी करणारा नियम होता. एका आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली आणि 3 मार्च 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. एका आईचे पत्र! पण घराचा उंबरठा कोणत्याही न्यायालयाला ओलांडून देता येत नाही. तो आपणच ओलांडून दिला पाहिजे.

म्हणून येत्या पौर्णिमेला एवढे करा. वस्तीतील दृष्टिहीन मुलींची नावे विहारात नोंदवा. त्यांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून द्या; आईबापांना वावर सोडून कचेरीच्या खेपा जमत नसतील तर शिकलेल्या तरुणांनी सोबत जावे. मुलीला दूर वसतिगृहात ठेवायची भीती वाटते, ती खरीच आहे. म्हणून दोन उपासिकांनी आधी शाळा पाहून यावे, मग निर्णय घ्यावा. लहानग्यांना अ जीवनसत्त्वाचा डोस आणि गोवरची लस चुकवू नका. आणि विहारात त्रिसरण-पंचशील म्हणायला तिला पुढे बसवा, तिच्या नावाने हाक मारून.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. या मापात आपली दृष्टिहीन लेकही मोजली जाते. मनुष्यमात्र समान आहे ही प्रतिज्ञा आपण घेतली, तेव्हा तिला वगळून घेतली नव्हती.

नमो बुद्धाय. जयभीम.